पिल्लू साखळीला नको, हातातल्या दोरीला हवं : पहिल्या वर्षात घरच्या कुत्र्याला काय शिकवावं?

सातारा/सांगली : मळ्यातल्या घराला कुत्रं असतंच. कराड-वाळव्याचा ऊसपट्टा असो, माण-खटाव-जतचा माळ असो, तासगावची द्राक्षबाग असो की पाटण-शिराळ्यातली डोंगरावरची वस्ती, अंगणात पाय टाकायच्या आधी भुंकणं ऐकू येतं. पिल्लू घरी येतं तेव्हा पोरं त्याला खाली ठेवत नाहीत. पुढं ते वाढतं, चपला कुरतडतं, कोंबड्यांमागं लागतं आणि एक दिवस गोठ्याजवळच्या खुंटीला साखळीनं बांधलं जातं. वर्षभरानं तेच कुत्रं दूधवाल्याच्या पोटरीला तोंड घालतं किंवा गाडीमागं धावून एखाद्याला पाडतं. मग घरचे म्हणतात, "जातच वाईट निघाली."

बहुतेक वेळा दोष जातीचा नसतो. शिकायच्या महिन्यांत ते पिल्लू खुंटीला होतं, एवढंच. रोज सकाळ-संध्याकाळ हातात दोरी धरून थोडं फिरवलं आणि चार-पाच शब्द नीट शिकवले, तर तेच पिल्लू घर राखणारं आणि शेजाऱ्याला त्रास न देणारं कुत्रं होतं. यासाठी महागडा ट्रेनर लागत नाही. पट्टा, दोरी, खिशात थोडी भाकरी आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत एवढं पुरतं.

साताऱ्याच्या मातीत कुत्र्याचा मान

सातारा शहराजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीत छत्रपती शाहू महाराजांची (1682–1749) समाधी आहे. तिथंच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी दाखवली जाते. शिकारीच्या वेळी वाघाची चाहूल देऊन खंड्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी आठवण साताऱ्यात आजही सांगितली जाते. पालीच्या खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, औदुंबरच्या दत्तगुरूंच्या पायाशीही कुत्री आहेत. देवाजवळ कुत्र्याला जागा देणाऱ्या भागात दारातलं कुत्रं मात्र चोवीस तास दीड हात साखळीला असतं, हे जरा विचार करण्यासारखं आहे.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे नावापुरताच. पण कुत्र्याला फिरवणं ही हौस नाही, मालकाची जबाबदारी आहे, हे कायद्यानं साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

पिल्लू कधी आणावं? पहिल्या तीन महिन्यांत काय करावं?

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आई आणि भावंडांसोबत खेळताना "किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं" हे ते शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं जास्त चावरं होण्याची शक्यता असते.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वात मोलाचा. या दिवसांत पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. जे दिसत नाही त्याला ते पुढं भितं, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. म्हणून याच दिवसांत त्याला ट्रॅक्टरचा आवाज, लहान पोरं, काठी टेकत चालणारी म्हातारी माणसं, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला माणूस, म्हशी, शेरडं, लग्नाची वरात हे सगळं लांबून, शांतपणे दाखवावं. जबरदस्तीनं जवळ नेऊ नये. पिल्लू घाबरलं तर दोन पावलं मागं यावं.

एक अडचण मात्र आहे. याच वयात पार्वो, म्हणजे रक्ताचे जुलाब लागणारा आजार, पिल्लांचा जीव घेतो. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्यामुळं लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन किंवा पाटीत ठेवून जग दाखवावं. भटकी कुत्री बसतात ती जागा, बाजारतळ, उकिरडा इथं खाली सोडू नये. स्वतःच्या अंगणात खेळायला हरकत नाही.

लशीचं ढोबळ वेळापत्रक असं :

• जंताचं औषध : दुसऱ्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी, तीन महिन्यांनंतर दरमहा, सहा महिन्यांपर्यंत.
• पार्वो, डिस्टेंपर यांची एकत्रित लस : सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांपर्यंत.
• रेबीजची लस : तीन महिन्यांचं झाल्यावर. डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढं दरवर्षी.

नेमक्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून कार्डावर लिहून घ्याव्यात आणि कार्ड जपून ठेवावं. पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1962 आहे.

फिरवायचं कसं?

आधी पट्टा. गळ्याला आणि पट्ट्याला मध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. लहानपणी बांधलेला पट्टा किंवा सुतळी मानेत रुतून जखम झालेली कुत्री गावागावात दिसतात, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून बघावं. पहिले दोन-तीन दिवस नुसता पट्टा घालून घरात फिरू द्यावं, नंतर हलकी दोरी बांधून ती जमिनीवर ओढत फिरू द्यावं, मग दोरी हातात धरावी. चार-पाच फुटांची दोरी चालायला बरी. लोखंडी साखळी हाताला लागते आणि पिल्लाच्या मानेवर ओझं होतं.

किती वेळ? वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, असा एक ढोबळ हिशोब सांगितला जातो. म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी 20 मिनिटं, दिवसातून दोनदा. पिल्लू मध्येच बसलं तर ते दमलंय असं समजावं.

ओढत असेल तर काय? पिल्लानं दोरी ताणली की माणसानं जागीच उभं राहावं. ओरडू नये, हिसका देऊ नये. दोरी सैल झाली, पिल्लानं मागं वळून बघितलं, की भाकरीचा तुकडा द्यावा आणि पुढं चालावं. पहिला आठवडा घरापासून पाणंदीपर्यंत जायलाही वेळ लागेल. पण "ओढलं की चालणं थांबतं" हे त्याला कळलं की पुढची दहा-बारा वर्षं हात दुखत नाही.

वास घेऊ द्यावा. बांध, बाभळीचं खोड, विजेचा खांब इथं पिल्लू थांबून हुंगतं, तो त्याच्यासाठी आपल्या मोबाईलवरच्या बातम्या वाचण्यासारखा प्रकार आहे. त्यानं त्याचं डोकं दमतं आणि घरी येऊन ते शांत झोपतं.

मार्च ते मे या दिवसांत सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर काढावं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ सात सेकंद ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. उन्हानं कुत्रं लडखडलं, लाळ गाळू लागलं, तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

कारवान, पश्मी पाळणाऱ्यांसाठी

जत, आटपाडी, माण, खटाव या भागात लांब पायांची, सडपातळ कारवान आणि लांब केसांची पश्मी कुत्री हौसेनं पाळली जातात. सीमेपलीकडं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात हीच कुत्री मुधोळ नावानं ओळखली जातात. मुधोळ हे घोरपडे घराण्याचं संस्थान होतं आणि या जातीला नाव मिळवून देण्यात त्या राजघराण्याचा मोठा वाटा आहे. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं.

या कुत्र्यांची नजर तीक्ष्ण आणि पळण्याचा वेग जबरदस्त. लांब काही हललं की ती सुटतात आणि मग हाक ऐकत नाहीत. त्यामुळं त्यांना दोरीची आणि "ये" या शब्दाची सवय लवकर लावावी लागते. पिल्लाला दुचाकीला बांधून पळवण्याचा प्रकार मात्र टाळावा. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्याआधी डांबरीवर रेटून पळवलं तर सांधे कायमचे बिघडू शकतात. आणखी एक गोष्ट : कुत्री सोडून ससे मारणं ही पूर्वीची रीत असली तरी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार ती शिकार आहे, आणि त्यात मालक अडकतो.

पाच शब्द पुरे

घरात एक जण "बस" म्हणतो, दुसरा "खाली बस", तिसरा "सिट". पिल्लाला वाटतं हे तीन वेगळे शब्द आहेत. सगळ्यांनी मिळून शब्द ठरवावेत : ये, बस, थांब, सोड, घरी चल.

ये : हा सर्वात महत्त्वाचा शब्द. पिल्लाचं नाव घेऊन "ये" म्हणावं, आलं की तुकडा द्यावा, अंगावरून हात फिरवावा. दिवसातून दहा वेळा, जेवणाच्या वेळीही. नंतर मोकळ्या रानात लांब कासरा पट्ट्याला बांधून सराव करावा. "ये" म्हणून बोलावून कधीही मारू नये. एकदा जरी मार बसला तरी पुढच्या वेळी ते यायला कचरतं.

बस : तुकडा नाकासमोरून डोक्याच्या वर न्यावा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. त्याच क्षणी "बस" म्हणून तुकडा द्यावा.

थांब : दारातून बाहेर पडताना आणि रस्ता ओलांडताना. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा.

सोड : तोंडात चप्पल असेल तर ओढाताण करू नये, तो त्याला खेळ वाटतो. चांगलं काहीतरी समोर धरावं, चप्पल सुटली की "सोड" म्हणावं.

घरी चल : फिरणं संपल्यावर रोज हाच शब्द.

एका वेळी पाच मिनिटंच शिकवावं. पिल्लू चुकलं की मागाहून मारून उपयोग नाही. दहा मिनिटांपूर्वी केलेल्या शी-शूचा आणि आताच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावं. ठरलेल्या जागी केलं की शाबासकी द्यावी. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

दोन शब्द मात्र घरात नकोतच. पहिला "छू". पोरं मजेत पिल्लाला कोंबडीवर, भिकाऱ्यावर, शेजारच्या पोरावर "छू" करतात. चार किलोच्या पिल्लाची गंमत वाटते, वीस किलोच्या कुत्र्याची वाटत नाही. दुसरा "हाड". भटक्या कुत्र्याला हाकलायचा शब्द आणि सोबत उचललेला दगड, हे आपल्याच पिल्लावर वापरलं तर ते माणसाच्या हाताला भ्यायला लागतं.

गाडीमागं पळण्याची सवय

दुचाकीमागं धावणारं कुत्रं दोन जीव धोक्यात घालतं, गाडीवाल्याचा आणि स्वतःचा. पळती वस्तू दिसली की मागं लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. शिवाय कुत्रं भुंकतं आणि गाडी निघून जाते, त्यामुळं दर वेळी "मीच पळवली" असं त्याला वाटतं आणि सवय पक्की होते. उपाय चार-पाच महिन्यांचं असतानाच करावा. रस्त्यापासून तीस-चाळीस पावलं लांब दोरी धरून उभं राहावं. गाडी आली की पिल्लानं तिकडं बघितल्या-बघितल्या भाकरी द्यावी. हळूहळू अंतर कमी करावं. गाडी म्हणजे मालकाकडं वळून बघायचं, हे डोक्यात बसेपर्यंत रस्त्याकडेला मोकळं सोडू नये.

शेरडं-कोंबड्यांच्या बाबतीतही हाच मार्ग. दोरीला धरून लांबून दाखवावं, शांत बसलं की तुकडा द्यावा. नुकतीच व्यायलेली गाय किंवा म्हैस पिल्लाला शिंगावर घेऊ शकते, तिथं नेऊ नये.

पाळत असलेल्या कुत्र्यानं कुणाला इजा केली आणि मालकानं पुरेशी काळजी घेतली नव्हती असं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बक्षीस म्हणून बेदाणा नको

शिकवताना खायला काय द्यावं? ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे बारीक तुकडे, उकडलेलं अंडं, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे चालतात. पण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात घरोघरी असणारी द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात देऊ नयेत. त्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर धोका हे प्रत्येक कुत्र्यात वेगळं असतं. बेदाणा शेडवर पिल्लू मोकळं सोडू नये. कांदा, लसूण, चॉकलेटही विषारी. कांदा-लसणाचं कालवण भाकरीवर ओतून देण्याची सवय मोडावी. उंदराचं औषध आणि फवारणीचे डबे त्याच्या तोंडापासून लांब ठेवावेत.

उसात आणि डोंगराकडंला बिबट्याचं भान

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत बिबट्या आता नवा राहिलेला नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनानं सर्वाधिक, सुमारे 39 टक्के, वाटा कुत्र्यांचा आढळला होता. थोडक्यात, रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखंच. ते पळूही शकत नाही. शिवाय त्याच्या मागानं बिबट्या घरापर्यंत येतो.

अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं कुत्रं फिरवू नये. ऊसतोड सुरू असताना जास्त जपावं. पहाटे जावंच लागलं तर बॅटरी घ्यावी, बोलत चालावं, लहान पोराला एकटं पाठवू नये. रात्री कुत्रं बंद खोलीत किंवा जाळी लावलेल्या खोपटात ठेवावं. आतूनही ते भुंकून जागं करतंच.

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना, सागरेश्वर या अभयारण्यांच्या कडेच्या गावांनी कुत्री जंगलात मोकळी सोडू नयेत. डिस्टेंपरसारखे आजार कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत जाऊ शकतात.

चावलंच तर?

पिल्लाचे दात लागले तरी दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथं रेबीजची लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील ते सर्व डोस पूर्ण करावेत, मधले चुकवू नयेत. जखम खोल असेल तर वेगळं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचाराला जवळपास यश येत नाही, म्हणून "घरचंच कुत्रं आहे" म्हणत वाट बघू नये.

थोडक्यात

• दोन महिन्यांच्या आत पिल्लू आणू नका.
• लशीचं कार्ड करा, रेबीजची लस दरवर्षी द्या.
• सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून फिरवा. दिवसभर साखळीला ठेवू नका.
• घरातल्या सगळ्यांनी तेच पाच शब्द वापरा. "छू" आणि "हाड" बंद.
• "ये" म्हटल्यावर आलेल्या पिल्लाला कधी मारू नका.
• द्राक्ष, बेदाणा, कांदा, चॉकलेट देऊ नका.
• रात्री कुत्रं बंद जागेत ठेवा.

फिरवायचं काम घरातल्या शाळकरी पोराकडं द्यायला हरकत नाही, पण पहिले काही महिने मोठ्या माणसानं सोबत जावं. पोराला दोरी धरायला शिकवणं आणि पिल्लाला दोरीत चालायला शिकवणं, दोन्ही एकाच पाणंदीत होतं.